विमान निरीक्षण

विमान निरीक्षण हा विमानांचे अवलोकन करून त्यांचा प्रकार, नोंदणी क्रमांक व मार्ग यांची नोंद ठेवण्याचा, तसेच त्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद आहे. प्रवासी विमाने ठरलेल्या वेळापत्रकानुसार येतात. अवजड मालवाहू व लष्करी विमानांचे आगमन बहुधा पूर्वसूचनेशिवाय होते. त्यामुळे निरीक्षकांना त्यांचे विशेष आकर्षण असते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शत्रूची विमाने ओळखण्यासाठी नागरी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले. युद्धानंतर हेच कौशल्य छंद म्हणून टिकून राहिले. या छंदातून जमा होणाऱ्या छायाचित्रांना ऐतिहासिक मूल्यही प्राप्त होते. अँटोनोव्ह एएन-२२५ हे जगातील सर्वांत मोठे मालवाहू विमान मे २०१६ मध्ये हैदराबाद येथे उतरले होते. या प्रकारचे एकच विमान पूर्ण झाले होते व ते फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धात नष्ट झाले.

ओळखण्याच्या खुणा

विमान ओळखताना इंजिनांची संख्या व जागा, पंखांची उंची आणि शेपटीचा आकार पाहिला जातो.

एएन-१२४: चार जेट इंजिने, पंखांचा विस्तार सुमारे ७३ मीटर. माल चढवण्यासाठी नाकाचा भाग वर उचलला जातो.
सी-१७: चार जेट इंजिने, इंग्रजी 'टी' अक्षरासारखी शेपटी व पंखांची वर वळलेली टोके. भारतीय हवाई दलात २०१३ पासून.
आयएल-७६ ('गजराज'): सी-१७ सारखीच शेपटी, परंतु नाकाखाली काचेचा कक्ष. हवाई दलात १९८५ पासून.
सी-१३०जे: सहा पात्यांचे पंखे असलेली चार टर्बोप्रॉप इंजिने.
एएन-३२: पंखांच्या वर बसवलेली दोन टर्बोप्रॉप इंजिने.

भारतीय नागरी विमानांचा नोंदणी क्रमांक 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. लष्करी विमानांचे क्रमांक स्वतंत्र पद्धतीचे असतात.

महाराष्ट्रातील ठिकाणे

मुंबई विमानतळाजवळील जरीमरी परिसरातून उतरणारी विमाने अगदी जवळून दिसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरबसचे 'बेलुगा' हे फुगीर आकाराचे मालवाहू विमान मुंबईत उतरले होते. पुण्यातील लोहगाव येथे नागरी विमाने व हवाई दलाची सुखोई-३० एमकेआय विमाने एकच धावपट्टी वापरतात.

नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा कारखाना आहे. तेथे पूर्वी मिग-२१ व नंतर सुखोई-३० एमकेआय विमानांची बांधणी झाली. ओझरच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. ओझरची धावपट्टी ३,००० मीटर लांबीची आहे.

खान्देश

जळगाव विमानतळाची धावपट्टी सुमारे १,७०० मीटर लांब असून ती एटीआर-७२ सारख्या लहान विमानांना पुरेशी आहे. एएन-१२४ ला पूर्ण भाराने उड्डाण करण्यास सुमारे ३ किमी धावपट्टी लागते. त्यामुळे धरणगाव, एरंडोल, अमळनेर या भागांत अवजड विमाने दिसतात ती केवळ उंचावरून जाताना. अशा वेळी विमानामागे उमटणारे बाष्पाचे पांढरे पट्टे उपयोगी पडतात: विमानालगत ते इंजिनांच्या संख्येइतके असतात व पुढे एकमेकांत मिसळतात. १०९० मेगाहर्ट्‌झवरील संदेश टिपणाऱ्या साध्या ग्राहकयंत्राने विमानाची ओळख, उंची व वेग समजतो. मात्र लष्करी विमाने हे संदेश अनेकदा बंद ठेवतात. खान्देशातील निरीक्षकांना लढाऊ विमाने पाहण्यासाठी जवळचे मोठे केंद्र ओझर हेच आहे. धुळ्याहून तेथे मुंबई–आग्रा महामार्गाने जाता येते.

कायदेशीर बाजू

भारतात विमान नियम, १९३७ मधील नियम १३ नुसार शासकीय विमानतळावरील छायाचित्रणावर निर्बंध आहेत. संरक्षण आस्थापनांना शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ लागू होतो. ग्रीसमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये ब्रिटिश व डच निरीक्षकांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. ते दोषी ठरले व २००२ च्या अखेरीस अपिलात निर्दोष सुटले. एप्रिल २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण न करण्याची सूचना प्रसारमाध्यमांना दिली व समाजमाध्यमांच्या वापरकर्त्यांनाही जबाबदारीने वागण्याचे आवाहन केले. एखाद्या लष्करी विमानाचे छायाचित्र जुन्या नोंदीच्या रूपात निरुपद्रवी ठरू शकते. परंतु तेच स्थळ व वेळेसह तत्काळ प्रसिद्ध झाल्यास हालचालींची माहिती उघड होते.

हे सुद्धा पहा

जळगाव विमानतळ
ओझर विमानतळ
भारतीय हवाई दल