लोटो (लॉकआउट-टॅगआउट)

दुरुस्ती, सफाई किंवा डाय बदलताना यंत्र अवचित सुरू होऊ नये म्हणून त्याचा ऊर्जापुरवठा तोडून तेथे कुलूप व नावाची पाटी लावण्याची पद्धत. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) भागात चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमध्ये तिचे महत्त्व मोठे. 1985 साली बजाज ऑटोचा वाळूज कारखाना सुरू झाल्यावर सुटे भाग पुरवणारी प्रेसशॉप त्याच्याभोवती वाढली. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्यापुरती आहे.

यांत्रिक प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहते. तेवढ्यात क्लच लागला, तर रॅम खाली येतो आणि डायमध्ये हात असलेल्याची बोटे जातात. मेनला कुलूप घातले म्हणजे झाले, हा समज म्हणूनच घातक. मेन बंद करून कुलूप घालावे, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यावे, क्लचच्या लाइनीतली हवा सोडावी, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावावा. मग स्टार्टचे बटण दाबून प्रेस खरोखर मेली आहे याची खात्री करावी. हायड्रॉलिक यंत्रात ॲक्युम्युलेटरमधला दाबही उतरवावा लागतो. कामाला जितकी माणसे तितकी कुलपे; ज्याचे कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात.

फ्यूज काढून खिशात ठेवण्याची जुनी युक्ती लहान शेडमध्ये अजून आढळते. दुसऱ्याने तिथे तार बांधली की ती फुकट जाते. भारनियमनाच्या काळात, गेलेली लाइट परत येताच यंत्र आपोआप चालू होण्याचा धोका वेगळाच. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर तो टाळतो.

कायदा : नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मध्ये ‘लोटो’ हा शब्द नव्हता. कलम 22 चालू यंत्राजवळच्या कामाचे होते. तिथे घट्ट कपडे घातलेला, खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगार लागे. फिरत्या पुलीवरचा पट्टा हाताळायचा तर तो 15 सेंमीहून रुंद नसावा, अशी अट होती. पट्ट्याचा एवढा बारीक विचार करणाऱ्या या कलमात साठलेल्या दाबाचा उल्लेख नव्हता. बंद स्थितीतून चुकून सरकू शकणाऱ्या स्विचला कुलपाची सोय हवी, ही तरतूद कलम 24 मध्ये 1976 च्या दुरुस्तीने आली होती. अमेरिकेत या विषयाचे स्वतंत्र मानक 1989 चे.

अंमलबजावणी : राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.