दोन एकरांवरचा संसार : पॅरिसच्या भाजीमळ्यांचा इतिहास

१/
जेमतेम दोन एकर जमीन, तीही खंडाने घेतलेली. तिच्यावर एक कुटुंब, दोन-चार गडी आणि एक घोडा यांचे वर्षभर भागेल काय? एकोणिसाव्या शतकातील पॅरिसने या प्रश्नाला दीर्घकाळ होकारार्थी उत्तर दिले. ते उत्तर कसे शक्य झाले आणि पुढे ते का टिकले नाही, याचा हा धागा. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

२/
या भाजी पिकवणाऱ्यांना फ्रेंच भाषेत 'मारेशे' म्हणतात. 'मारे' म्हणजे दलदल. सेन नदीच्या उत्तरेकडील पाणथळ जमिनीत पूर्वी भाजीपाला पिकत असे, त्यावरून हे नाव पडले. पॅरिसमधील आजचा 'मारे' हा उच्चभ्रू भाग त्याच दलदलीची आठवण आहे. शहर वाढत गेले तसतसे मळे बाहेर सरकले आणि नाव मात्र मागे राहिले.

३/
या व्यवसायाचे सर्वांत विश्वसनीय चित्र १८४५ च्या एका पुस्तकात सापडते. मोरो आणि दाव्हेर्न हे त्याचे लेखक. दोघेही स्वतः मळेवाले होते. तोवर ही विद्या बापाकडून मुलाकडे, सासऱ्याकडून जावयाकडे तोंडीच जात असे. राजधानीतील कृषिसंस्थेने अशा पुस्तकासाठी पारितोषिक जाहीर केले आणि हातात कुदळ धरणाऱ्या दोघांनी लेखणी उचलली.

४/
त्यांनी दिलेले आकडे बोलके आहेत. शहराच्या नव्या तटबंदीच्या आत सुमारे १,८०० मळेवाले होते आणि त्यांच्याकडे मिळून सुमारे १,४०० हेक्टर जमीन होती. म्हणजे सरासरी एका मळ्याला हेक्टरहूनही कमी, आपल्या भाषेत पाऊणशे-ऐंशी गुंठे. एवढ्या जमिनीवर त्या काळी गव्हाचा शेतकरी उपाशी राहिला असता. मळेवाला मात्र खंड भरून, गड्यांना मजुरी देऊन संसार चालवीत असे.

५/
याचे पहिले कारण म्हणजे घोडा. त्या काळचे पॅरिस घोड्यांवर चालत होते. बग्ग्या, मालगाड्या, सैन्याचे तबेले, पुढे प्रवासी ऑम्निबस, सर्वत्र घोडेच. त्यांची लीद आणि खाली अंथरलेला पेंढा रोज शहराबाहेर काढावा लागे. शहराला जी घाण वाटे, तीच मळेवाल्याला हवी होती. पहाटे भाजी घेऊन बाजारात गेलेली गाडी परतताना हे खत भरून येई. एकही फेरी रिकामी जात नसे.

६/
हे खत केवळ पिकाचे अन्न म्हणून वापरले जात नसे. ताजी लीद कुजताना तापते. मळेवाले हिवाळ्यात तिचा सुमारे अर्धा मीटर जाडीचा थर रचीत, त्यावर जुन्या, पूर्ण कुजलेल्या खताचा भुसभुशीत काळा पोयटा पसरीत आणि त्यात बी पेरीत. बाहेर बर्फ आणि मुळांशी ऊब! मात्र पहिल्या दिवसांतील उष्णता बी करपवून टाकते. ती उतरेपर्यंत थांबणे आणि नेमक्या वेळी पेरणे, ही खरी कारागिरी होती. वाफ्याचा ताप हाताने जोखला जाई.

७/
दुसरे साधन काचेचे. लाकडी चौकटीत बसवलेली काचेची झाकणे वाफ्यांवर ठेवीत. त्याखेरीज 'क्लोश' नावाच्या घंटेच्या आकाराच्या जाड काचा असत. एका घंटेखाली चार-पाच सॅलडची रोपे मावत. दिवसा ऊन वाढले की खाचा पाडलेल्या लाकडी खुंटीने घंटेची एक बाजू किंचित उचलायची आणि संध्याकाळी खाली टेकवायची. कडाक्याच्या रात्री वर पेंढ्याच्या चटया पांघरायच्या. अशा घंटा एकेका मळ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी असत. हिवाळ्याच्या दिवसांत त्या सर्वांची उघडझाप हातानेच होई.

८/
तिसरे कारण म्हणजे पिकांची गुंफण. एका वाफ्यात छोटे मुळे आणि गाजर यांचे बी एकत्र फेकून पेरीत आणि त्यांच्यातच सॅलडची रोपे लावीत. मुळे सर्वांत आधी निघत, मग सॅलड, तोवर गाजरांना जागा मोकळी होई. गाजरे काढणीला येण्यापूर्वीच त्यांच्यामध्ये फ्लॉवरची रोपे उभी असत. आंतरपीक आपल्यालाही परिचित आहे. परंतु येथे एका वाफ्याचे वर्षभराचे वेळापत्रक आठवड्यांच्या हिशेबाने बांधलेले असे. वर्षाला चार-पाच पिके ही त्यांच्या दृष्टीने सामान्य गोष्ट होती.

९/
चौथे कारण पाणी. हलक्या, खतावलेल्या जमिनीला उन्हाळ्यात रोज पाणी लागे. विहिरीवर घोडा गोल फिरवून रहाट चालवीत. पाणी मळ्यात जागोजागी पुरलेल्या पिंपांत सोडीत आणि तेथून दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन माणसे वाफे भिजवीत. उन्हाळ्यातील कामाचा मोठा भाग याच फेऱ्यांत जाई.

१०/
आता नफ्याकडे वळू. मळेवाल्याचा नफा उत्पादनाच्या वजनात नव्हता, तो दिनदर्शिकेत होता. मे महिन्यात सॅलड कोणीही पिकवील. जानेवारी-फेब्रुवारीत ते बाजारात आणणारे मोजकेच, आणि त्या आगाप मालासाठी श्रीमंत पॅरिस चढा दर मोजे. उन्हाळ्यात त्याच चौकटींखाली कँटलूप जातीची खरबुजे पिकत. काचेचा खर्च अशा पिकांतून निघे. साधा कोबी केवळ गाडी भरण्यापुरता.

११/
बाजारही हाकेच्या अंतरावर होता. 'ले आल' ही पॅरिसची मध्यवर्ती मंडई रात्री जागी होई. मळेवाल्याची पत्नी गाडीबरोबर जाई आणि विक्रीचा व्यवहार बहुधा तीच सांभाळी. कोणत्या पिकाला गिऱ्हाईक आहे आणि कशाचा दर उतरत आहे, याची बातमी ती त्याच दिवशी मळ्यात आणी. म्हणूनच मळेवाल्याचा मुलगा शक्यतो मळेवाल्याच्याच मुलीशी विवाह करी. ज्या मुलीने हे जीवन पाहिले नाही, तिला ते पेलणार नाही, असा सर्वसाधारण समज होता. स्त्रीच्या श्रमाशिवाय आणि व्यवहारज्ञानाशिवाय हा धंदा उभाच राहत नसे.

१२/
फळांची कथा पूर्वेकडील मोंत्रई गावात घडली. पीच हे फळ पॅरिसच्या हवेला मानवणारे नव्हे. मोंत्रईच्या बागायतदारांनी सतराव्या शतकापासून उंच भिंती बांधल्या, त्यांना स्थानिक जिप्समचा गिलावा दिला आणि पीचची झाडे भिंतीला टेकवून पंख्यासारखी पसरवली. भिंत दिवसा ऊन साठवी आणि रात्री ऊब परत देई. भरभराटीच्या काळात या भिंतींची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर होती असे सांगितले जाते. एका गावाच्या शिवारात!

१३/
या पद्धतीची कीर्ती जगभर नेली ती रशियन विचारवंत पीटर क्रोपोत्किन यांनी. शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी पाँस नावाच्या मळेवाल्याचा हिशेब दिला. जमीन २.७ एकर, म्हणजे १०८ गुंठे. वर्षाला सुमारे नऊ टन गाजरे, तितकेच कांदे-मुळे व वजनावर विकला जाणारा इतर भाजीपाला, ६,००० कोबी, ३,००० फ्लॉवर, ५,००० टोपल्या टोमॅटो, ५,००० डझन निवडक फळे आणि १,५४,००० सॅलडचे गड्डे. एकूण वजन सुमारे ११३ टन.

१४/
क्रोपोत्किन यांनी एक विलक्षण गोष्टही नोंदवली. मळा सोडताना ठराविक खोलीपर्यंतची माती आपण उचलून नेऊ, अशी अट मळेवाले खंडाच्या करारात घालीत. ऐकताना ही अट विक्षिप्त वाटते. पण तिच्यामागे सरळ हिशेब आहे. जमीन मालकाची होती. तिच्यावरचा काळा पोयटा मात्र मळेवाल्याने वर्षानुवर्षे खत कुजवून तयार केलेला होता. निसर्गाने दिलेली सुपीकता आणि श्रमाने निर्माण केलेली सुपीकता यांतील भेद त्या करारात कायद्याच्या भाषेत उतरला होता.

१५/
येथे आपण थोडे सावध झाले पाहिजे. ११३ टन हा आकडा पाहून अनेकांना वाटले की अशा मळ्यांवर अवघा देश पोसता येईल. परंतु लीद देणारा घोडा चारा खातो. त्याचा ओट आणि गवत दूरच्या शेतांत पिकत असे आणि अंथरुणाचा पेंढा गव्हाच्या रानातून येत असे. म्हणजे पाँसच्या १०८ गुंठ्यांच्या मागे कितीतरी एकरांची सुपीकता गाड्या भरून वाहत येत होती. मळा लहान होता, त्याची सावली मोठी होती.

१६/
याचा पुरावा इंग्लंडने दिला. १९०५ च्या सुमारास ईव्हशॅम भागातील बागायतदार पॅरिसचे मळे पाहून आले आणि तेथे 'फ्रेंच बागायती'ची लाट आली. १९०८-०९ मध्ये तिच्यावर एकामागून एक पुस्तके निघाली. साबणाचे अमेरिकन कारखानदार जोसेफ फेल्स यांनी एसेक्समधील मेलंड येथे लहान शेतकऱ्यांची वसाहत उभारली होती. तेथेही काचेच्या घंटा आल्या. तंत्र तेच होते. पण जमीन चिकट मातीची, बाजार दूर आणि भांडवल जड. फेल्स १९१४ मध्ये वारले, त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि ही लाट ओसरली.

१७/
खुद्द पॅरिसमध्येही पायाखालची जमीन सरकत होती. ओस्मान यांनी शहराची पुनर्रचना आरंभली. १ जानेवारी १८६० रोजी भोवतालची गावे शहरात सामील झाली आणि जमिनीचे भाव वाढले. मळेवाले बोबिन्यी, क्रेतेय अशा बाहेरच्या गावांत सरकले. खंडाने कसणाऱ्याला भाववाढीचा लाभ नसतो. त्याच्या वाट्याला केवळ स्थलांतर येते.

१८/
दुसरा आघात रेल्वेचा. १८५० च्या दशकात पॅरिस-मार्सेय लोहमार्ग पूर्ण झाला. दक्षिणेत उघड्या रानात, लिदीशिवाय आणि काचेशिवाय पिकलेला आगाप माल राजधानीत येऊ लागला. दिनदर्शिकेतून मिळणारा नफा हळूहळू आटला. मोंत्रईच्या पीचांनाही दक्षिणेच्या पीचांशी झुंजावे लागले. आज त्या भिंतींचा थोडाच भाग उभा आहे.

१९/
तिसरा आघात निर्णायक ठरला. जानेवारी १९१३ मध्ये पॅरिसची शेवटची घोड्यांची ऑम्निबस धावली. मोटारी आल्या, तबेले रिकामे झाले आणि फुकटच्या उबेचा झरा आटला. १९६९ मध्ये मध्यवर्ती मंडईही शहराबाहेर रुंजिस येथे हलवण्यात आली. मळेवाल्यांचे कौशल्य अखेरपर्यंत शाबूत होते. ज्या शहराशी ते जुळलेले होते, ते शहर बदलले.

२०/
विद्या मात्र पूर्ण विझली नाही. १९६७ पासून ॲलन चॅडविक यांनी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ विद्यापीठात या पद्धतीचे धडे दिले. पुढे जॉन जेव्हन्स, एलियट कोलमन यांसारख्यांनी दाट लागवड, कायमचे वाफे आणि काचेऐवजी प्लास्टिकचे आच्छादन वापरून तिला नवे रूप दिले. लहान शेतीवरील आजच्या अनेक पुस्तकांचे मूळ शोधत गेल्यास आपण त्या १८४५ च्या ग्रंथापाशी पोहोचतो.

२१/
तेव्हा 'दोन एकरांत भागते काय?' या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर असे : भागते; पण ते दोन एकर कोठे आहेत, हे आधी पाहावे लागते. खत कोणाच्या दारातून येणार? माल किती तासांत विकला जाणार? इतरांकडे नसेल तेव्हा आपल्याकडे काय असेल? जमीन सोडावी लागली, तर बरोबर काय नेता येईल? पॅरिसच्या मळेवाल्यांपाशी या चारही प्रश्नांची उत्तरे होती. ती एकेक करून निसटली, तसा मळाही निसटला.

२२/
पॅरिसच्या विसाव्या विभागात आज 'मारेशे' नावाचा रस्ता आहे आणि त्याच नावाचे मेट्रो स्थानकही. तेथून रोज हजारो लोक ये-जा करतात. वाफा नाही, विहीर नाही, घंटा नाही. आपल्या गावाच्या जुन्या नकाशातही मळा, बाग, वाडी अशी नावे असतील. ती शोधा आणि तेथे कोण काय पिकवीत होते, हे वडीलधाऱ्यांना विचारा. शहरांच्या इतिहासाचा हा भाग बहुधा कोणी लिहून ठेवलेला नसतो.