तासाभरात

सेनापतीचा गौरव करताना आपण बहुतेक वेळा विजय मोजतो. आज आम्हाला फक्त एक दुपार मोजायची आहे. १ सप्टेंबर १९६५ची.

त्या दिवशी पाकिस्तानचे रणगाडे छांब विभागात घुसले. रोख अखनूरच्या पुलाकडे. तो पूल गेला असता, तर जम्मूहून राजौरी-पूंछकडे जाणारा रस्ताच तुटला असता. लष्करानं हवाई दलाची मदत मागितली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हवाई दलप्रमुख होते एअर मार्शल अर्जन सिंग. विमानं किती वेळात निघतील, असं विचारल्यावर ते म्हणाले, तासाभरात. आणि दिवस मावळायच्या आत पठाणकोटहून विमानं उडालीसुद्धा.

यात विशेष काय? तीनच वर्षं मागं जाऊन बघा. १९६२मध्ये चीनशी लढताना आपली लढाऊ विमानं वापरलीच गेली नाहीत. म्हणजे सामर्थ्य होतं, निर्णय नव्हता. १९६५च्या त्या दुपारी निर्णय झाला, आणि तो तडीस नेणारं दल सज्ज होतं.

आता दुसरी बाजू. ती गाळली तर गौरवाची आरती होते, इतिहास होत नाही. त्या संध्याकाळी मिस्टेअर विमानांबरोबर जुनी, संथ व्हॅम्पायरही पाठवावी लागली. शत्रूच्या सेबर विमानांपुढं त्यांचा टिकाव लागला नाही. चार व्हॅम्पायर पडली. काही मारा तर चुकून आपल्याच जवानांवर झाला. पुढं व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेतली गेली आणि नॅट विमानं पुढं आली.

अर्जन सिंगांना हा धोका कळत नव्हता का? चांगला कळत होता. १९४४मध्ये इंफाळच्या लढाईत त्यांनी स्वतः हरिकेन विमानांच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं होतं. जमिनीलगत उडून मारा करणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे त्यांनी अनुभवलं होतं. म्हणूनच ‘तासाभरात’ हा शब्द आम्हाला बेफिकीर वाटत नाही, जड वाटतो.

२००२मध्ये त्यांना ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ हा सर्वोच्च हुद्दा मिळाला. तो मिळालेले हवाई दलातले ते एकमेव अधिकारी. त्या मानाला आपण हात जोडावेतच. पण जमाखर्च लिहिताना वाचलेला पूल आणि न परतलेले वैमानिक, दोन्ही एकाच पानावर लिहावेत. नेतृत्व म्हणजे त्या अख्ख्या पानाखाली केलेली सही.