एका मताचा हिशेब

दिल्लीतील संसद भवनाची जुनी वर्तुळाकार वास्तू १८ जानेवारी १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुली झाली. हर्बर्ट बेकर आणि एडविन लटियन्स या वास्तुविशारदांनी रेखाटलेल्या या इमारतीत तीन सभागृहे होती. एक मध्यवर्ती कायदेमंडळाचे, दुसरे कौन्सिल ऑफ स्टेटचे आणि तिसरे संस्थानिकांच्या नरेंद्रमंडळाचे. २०२३ मध्ये संसदेचे कामकाज शेजारच्या नव्या इमारतीत गेले आणि जुन्या वास्तूला ‘संविधान सदन’ हे नाव मिळाले. मधल्या शहाण्णव वर्षांत या भिंतींच्या आत असंख्य वेळा मते मोजली गेली. त्यांतील काही मोजण्या अशा आहेत, की त्यांत एका मताने, आणि एकदा तर एका मताच्या तुकड्याने, निर्णय फिरला.

‘माझ्या एका मताने काय होणार आहे?’ हा प्रश्न मतदानाच्या दिवशी घरी बसणाऱ्या नागरिकाच्या तोंडी नेहमी असतो, आणि निव्वळ अंकगणिताच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. लक्षावधी मतांच्या राशीत आपले मत असले काय आणि नसले काय, निकाल बहुधा तोच राहतो. तथापि या प्रश्नाला इतिहास आहे. तो दिल्लीतल्या या वास्तूत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

सप्टेंबर १९२८ मध्ये सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळापुढे सार्वजनिक सुरक्षा विधेयक मांडले होते. ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरून येऊन येथील कामगार चळवळीत काम करणाऱ्या साम्यवादी कार्यकर्त्यांना हद्दपार करण्याचा अधिकार सरकारला हवा होता. मतदान झाले तेव्हा दोन्ही बाजूंना ६१ मते पडली. अध्यक्षस्थानी विठ्ठलभाई पटेल होते. ते स्वतः १९२५ मध्ये ५८ विरुद्ध ५६ अशा दोन मतांच्या फरकाने अध्यक्षपदी निवडून आलेले. त्यांनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या विरुद्ध टाकले आणि विधेयक फेटाळले गेले. एका मताचे सामर्थ्य सिद्ध करण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु प्रसंग तेथे संपला नाही. सरकारने विधेयक पुन्हा आणले. ८ एप्रिल १९२९ रोजी, त्यावर अध्यक्ष आपला निर्णय देणार अशा क्षणी, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकांच्या सज्जातून सभागृहात बाँब फेकले. त्यानंतर अध्यक्षांनी विधेयकाची चर्चा नियमबाह्य ठरवली, तेव्हा व्हाइसरॉयने आपल्या अधिकारात वटहुकूम काढला आणि सरकारला हवे होते ते कायदेमंडळाला वगळून मिळवले. अध्यक्षांचे एक मत गणितात जिंकले आणि सत्तेपुढे हरले. या पराभवाचे कारण मतांच्या संख्येत नव्हते, त्या मतांच्या पाठीशी काय उभे होते त्यात होते. मालमत्ता, कर किंवा पदवी असल्याखेरीज मताधिकार नव्हता. त्यामुळे सभागृहात बसलेल्या निर्वाचित सभासदांच्या मागे देशातील मूठभर मतदार होते, आणि बाकीच्या कोट्यवधींच्या नावाने बोलण्याचा हक्क व्हाइसरॉय स्वतःकडे ठेवू शकत होता.

नेमक्या त्याच वर्षी, १९२८ च्या या मतदानानंतर महिनाभरातच, पुण्यात सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची साक्ष झाली. त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मताधिकार हा त्यांच्या चिंतनाचा जुना विषय होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडताना त्यांनी मताकडे केवळ प्रतिनिधी निवडण्याचे साधन म्हणून पाहिले नव्हते. ज्याला समाजाच्या व्यवहारात शब्द नाही त्याला तो मिळण्याचा मार्ग म्हणूनही ते मताकडे पाहत होते. १९२८ च्याच ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या नेहरू अहवालानेही प्रौढ मताधिकाराची शिफारस केली होती. कायदेमंडळात एका मताने काय होते हे दिसत असताना, ते मत कोणाचे हा प्रश्न अशा रीतीने देशापुढे उभा राहिला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्याच सभागृहाने आणखी एक निसटती मोजणी पाहिली. २४ जानेवारी १९४६ रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार गणेश वासुदेव मावळंकर यांना ६६ आणि सर कावसजी जहांगीर यांना ६३ मते मिळाली. दोन सभासदांनी मत फिरवले असते तर निकाल उलटला असता. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील आणि अहमदाबादेत स्थायिक झालेल्या घराण्यातले मावळंकर पुढे १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. मात्र १९४६ चे ते सभागृह आणि १९५२ ची लोकसभा यांच्यात सहा वर्षांचेच अंतर नव्हते. मधल्या काळात दिल्लीत एक काम पार पडले होते, आणि एका मताच्या मोलाचा खरा इतिहास त्या कामात आहे.

ते काम मतदारयाद्यांचे होते. संविधान अजून लिहिले जात असतानाच, १९४७ च्या अखेरीपासून, संविधान सभेच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या याद्यांची तयारी सुरू केली. घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांच्या देखरेखीखाली ती चालली होती. काळ कसा होता हे दिल्लीच्या लोकसंख्येवरून कळते. १९४१ मध्ये सव्वानऊ लाखांच्या आत असलेली वस्ती १९५१ मध्ये साडेसतरा लाखांच्या घरात गेली. किंग्जवे कॅम्पात निर्वासितांचे तंबू पडलेले होते. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथे, शहर सोडून निघालेल्या किंवा घराबाहेर हाकलल्या गेलेल्या मुसलमानांनी आसरा घेतला होता. ज्याचे घर सीमेपलीकडे राहिले आणि ज्याच्या नागरिकत्वाची व्याख्याही अजून ठरायची होती, त्याचे नाव कोणत्या यादीत घालायचे? सचिवालयाने उत्तर दिले ते साधे होते. येथे कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे, असे निर्वासिताने जाहीर करावे आणि त्याचे नाव नोंदवून घ्यावे. ज्याच्याजवळ घराचा पत्ता उरला नव्हता त्याला नव्या राज्याच्या कागदावर प्रथम मतदार म्हणून स्थान मिळाले.

मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन यांनी पहिले मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून सूत्रे हाती घेतली, आणि याद्यांतील एक विचित्र उणीव समोर आली. लक्षावधी स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी गावोगावच्या कारकुनांनी लिहून घेतल्या होत्या. परक्या पुरुषापुढे स्त्रीने आपले नाव उच्चारू नये हा त्या समाजाचा शिष्टाचार होता. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांत हा प्रकार विशेष होता. आयोगाने भूमिका घेतली, की मतदाराला नाव असलेच पाहिजे. जेथे ते मिळाले नाही तेथे नोंद काढून टाकण्यात आली. अशा रीतीने सुमारे २८ लाख स्त्रिया पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मताला मुकल्या. निर्णय कठोर होता आणि त्याची किंमत निरपराध स्त्रियांनी मोजली. तरीही त्यामागचे तत्त्व समजून घेण्याजोगे आहे. मत कुटुंबाला दिलेले नाही, जातीला नाही, गावालाही नाही. ते एका व्यक्तीला दिलेले आहे, आणि त्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारता आली पाहिजे. पुढच्या निवडणुकीपर्यंत हा दोष बऱ्याच अंशी दूर झाला. त्याच पहिल्या निवडणुकीत नवी दिल्लीच्या मतदारांनी लोकसभेवर सुचेता कृपलानी या स्त्रीला निवडून दिले होते, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवावी.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी याच वास्तूच्या मध्यवर्ती सभागृहात डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेला बजावले होते, की राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखे मूल्य मिळेल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात हे समान मूल्य नाकारले जात राहील, आणि ही विसंगती फार काळ टिकू दिली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. बिननावाच्या २८ लाख स्त्रियांनी ती विसंगती यादीच्या पानावरच उघडी केली होती.

मताचे मोल ते कशासाठी दिले जाते यावरही अवलंबून असते, हे दिल्लीकरांइतके फार थोड्यांनी अनुभवले असेल. १९५२ मध्ये दिल्लीला ४८ सदस्यांची विधानसभा मिळाली आणि चौधरी ब्रह्मप्रकाश मुख्यमंत्री झाले. राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ पासून ती विधानसभा गेली. १९६६ मध्ये महानगर परिषद आली, परंतु तिचे अधिकार सल्ला देण्यापुरते होते. देशाचे सरकार निवडण्यात ज्याचा वाटा होता त्या दिल्लीकराला स्वतःच्या राज्यकारभारासाठी कायदे करणारे सभागृह निवडता येत नव्हते. १९९१ मधील एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीने विधानसभेची तरतूद झाली आणि १९९३ मध्ये ७० जागांसाठी निवडणूक झाली. मधली सदतीस वर्षे दिल्लीकराचे मत मोजले जात होते, पण त्याच्या दारातल्या प्रश्नांपाशी ते अडखळत होते.

आता पुन्हा त्या वर्तुळाकार वास्तूत यावे. ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत संस्थानिकांचे तनखे व विशेषाधिकार रद्द करणाऱ्या घटनादुरुस्ती विधेयकावर मतदान झाले. लोकसभेने ते आधीच संमत केले होते. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. दोन-तृतीयांश बहुमतासाठी १४९ पूर्णांक एक-तृतीयांश मते हवी होती. मताचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि विधेयक नापास झाले. सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली, तेव्हा माधवराव शिंदे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश रद्द ठरवला. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. १९७१ च्या निवडणुकीनंतर सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. १९२८ शी याची तुलना करण्यासारखी आहे. तेव्हा मत आड आले म्हणून वटहुकूम निघाला आणि तो टिकला. या वेळी मत आड आले, आदेश निघाला, तो टिकला नाही, आणि शेवटी सत्तेला मतदाराच्या दारात जावे लागले.

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. बाजूने २६९, विरुद्ध २७०. त्या दिवसापासून ‘ते एक मत कोणाचे?’ याचा शोध चालू आहे. कोणी गिरिधर गमांग यांचे नाव घेतात. ते फेब्रुवारीतच ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा त्यांनी दिला नव्हता. मत द्यावे की नाही हे अध्यक्ष बालयोगी यांनी त्यांच्या विवेकावर सोपवले होते. कोणी पक्षाचा आदेश मोडणाऱ्या सैफुद्दीन सोझ यांच्याकडे बोट दाखवतात. कोणी ऐनवेळी विरोधात गेलेल्या बहुजन समाज पक्षाच्या सदस्यांकडे. वस्तुतः हा शोधच निरर्थक आहे. २७० पैकी कोणतेही एक मत पलीकडे गेले असते तरी सरकार टिकले असते. म्हणजे निर्णायक मत एक नव्हते, दोनशे सत्तर होते.

या हिशेबाचे टोक मतदारापर्यंत पोहोचते. त्याच लोकसभेत सत्ताधारी पक्षाचे सोम मरांडी हे राजमहल मतदारसंघातून १९९८ मध्ये अवघ्या ९ मतांनी निवडून आले होते. तेथील पाच मतदारांनी वेगळा कौल दिला असता तर सभागृहातील एक जागा दुसऱ्या बाजूला गेली असती. पुढे २००८ मध्ये राजस्थानातील नाथद्वारा येथे सी. पी. जोशी विधानसभेची निवडणूक एका मताने हरले. मुंबईकरांनी २०२४ मध्ये वायव्य मुंबईचा लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागलेला पाहिला. दिल्लीत २०१३ मध्ये रामकृष्णपुरमची जागा ३२६ मतांनी, तर २०२५ मध्ये संगम विहारची ३४४ मतांनी ठरली. असे निकाल थोडेच असतात हे खरे. पण कोणता निकाल असा लागणार हे मतदानाच्या सकाळी कोणालाच ठाऊक नसते.

मराठी घरांत श्रावणी सोमवारी सांगितली जाणारी खुलभर दुधाची कहाणी येथे आठवते. राजाच्या हुकमावरून गावाने घरातले सारे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले, तरी तो भरला नाही. मुलेबाळे, लेकी-सुना, गाईवासरे यांना तृप्त करून म्हातारीने आपल्या मनाने आणलेल्या खुलभर दुधाने मात्र तो भरला. कहाणी चमत्काराची म्हणून ऐकली जाते. पण तिच्यातला भेद नीट पाहिला तर तो दुधाच्या मापाचा नाही. हुकमाने दिलेले आणि स्वतःहून दिलेले यांतला तो भेद आहे. १९२७ च्या सभागृहापासून १९५२ च्या लोकसभेपर्यंतचा प्रवास हाच आहे. आधी काही थोड्यांना मत होते आणि राज्य दुसऱ्याचे होते. नंतर प्रत्येकाला स्वतःच्या नावाने मत मिळाले, म्हणून राज्यही त्याचे झाले.

मोजणीच्या फरकात ज्यांचे मत दिसत नाही त्यांनाही हा हिशेब लागू आहे, कारण फरक मोठा असो की लहान, तो नोंदवलेल्या मतांतूनच निघतो. पहिल्या यादीतून वगळल्या गेलेल्या त्या २८ लाख स्त्रियांच्या मताने कोठे काय घडले असते, हे कोणत्याच निकालपत्रावरून सांगता येत नाही. त्या मोजणीत त्या नव्हत्याच.