राणीचा बाग

१. विंचूरहून लासलगाव स्टेशन गाठून मुंबईची आगगाडी धरणाऱ्या आमच्या लेखकाने ‘बाग पाहिली’ असे जेथे म्हटले आहे, तेथे भायखळ्याचा राणीचा बाग, म्हणजे हल्लीचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, समजावे. शिवडीची जुनी बाग दफनभूमीकरिता सोडावी लागल्यावर हे उद्यान सिद्ध होऊन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुले झाले, व १८७३ साली त्याचा कारभार नगरपालिकेच्या हवाली झाला. श्वापदांचे पिंजरे मागाहून आले, त्यामुळे येथे खरी वतनदारी वृक्षांची, प्राणी उपरे, असे आम्हांस वाटते. लेखकाचा ‘सांधलेला हत्ती’ जिवंत नव्हे, हे सांगणे अवश्य आहे: घारापुरीचा हा पाषाणगज १८६४ मध्ये विलायतेस नेण्याच्या खटपटीत यारीची साखळी तुटून भंगला, त्याचे तुकडे या बागेत आणून १९१४ मध्ये जुळविण्यात आले, आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही उभा आहे. सांप्रत मात्र गर्दी लोटते ती २०१६ साली सेऊलहून आणलेल्या पेंग्विनांच्या थंडगार काचघरापुढे. बाहेर गोरखचिंचेखाली कोणी फारसे थांबत नाही.