विलायतेत गेलेली तक्रार, माफी होऊन परतली

माझं दिवसभराचं काम सॉफ्टवेअरचं. तिथे कुणाची तक्रार आली की तिला आधी नंबर मिळतो. कुणाकडे गेली, कुणी बंद केली, सगळं दिसतं. आज ज्या तक्रारीची गोष्ट सांगतोय, तिला असा नंबर कधी मिळालाच नाही.

साल 1897. पुण्यात प्लेग. प्लेग समितीचा अध्यक्ष होता वॉल्टर चार्ल्स रँड. रुग्ण शोधायला गोरे सोजीर घरोघर फिरत. पार देवघर-माजघरापर्यंत शिरत, सामान बाहेर काढून जाळत. बायकांशी गैरवर्तन झाल्याच्याही तक्रारी होत्या. पण दाद मागायची कुणाकडे? त्याच समितीकडे, नाहीतर तिला नेमणाऱ्या सरकारकडे! त्यात फेब्रुवारीत नवा साथरोग कायदा आलेला. त्याचं कलम 4 सांगत होतं, की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल कुणावरही दावा लावता येणार नाही.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा 31 वर्षांचे. वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रं येत होती. त्यांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं, की सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला. सरकारने हे साफ नाकारलं. पुरावा द्या, म्हणाले.

तोवर इकडे वातावरण पार बदललं होतं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. जुलैच्या शेवटी टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. नातू बंधूंना तर 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवायच डांबलं. नेमके त्याच सुमारास गोखले मुंबईत उतरले. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणीही नाव उघड करायला तयार नव्हतं. कसं असणार? ऑगस्टमध्ये गोखल्यांनी बिनशर्त जाहीर माफी मागितली. स्वकीयांनीही त्यांना भरपूर बोल लावले.

आता काही जण म्हणतात, माफी मागितली म्हणजे आरोप खोटाच होता. मला हे पटत नाही. आरोप सिद्ध झाला नाही, एवढंच खरं. त्या स्त्रियांच्या बाबतीत काय घडलं, हे निर्भयपणे सांगता येईल अशी जागाच तेव्हा नव्हती. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हातात चौकशी असेल, तर पुरावा येणार कुठून?

हे सगळं जुनं झालं असं वाटतंय? 2020 मध्ये कोविड आला तेव्हा हाच 1897 चा कायदा बाहेर काढला गेला, कलम 4 सकट. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात वेगळं प्राधिकरण हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं 2006 मध्ये, प्रकाश सिंग खटल्यात. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा बदलला 2014 मध्ये. म्हणजे रँडच्या पुण्यानंतर 117 वर्षांनी!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ठसक्यात विचारलं, "पुरावा कुठाय?", तर जरूर शोधा. पण सोबत हेही विचारा, की ज्याने तक्रार केली, त्याला उद्या सकाळी त्याच गल्लीत बिनधास्त राहता येणार आहे का?

भेटू पुढच्या भागात.