बेताचे किरण

बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ साली, शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचा क्ष-किरणांनी अभ्यास करून, कर्करोगाच्या गाठीची कड कशी पसरत जाते आणि तिच्यात सूक्ष्म ठिपके कसे दिसतात याची पहिली नोंद केली, तेव्हा किरण किती द्यावेत हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहण्याचे काही कारणच नव्हते. देहापासून विलग झालेल्या अवयवाला किरणांची इजा ती काय होणार! ज्यू असल्यामुळे पुढे नाझी अमदानीत सालोमोन यांना आपल्या पदास मुकावे लागले, आणि त्यांची चित्रकार कन्या शार्लोट १९४३ मध्ये आउश्वित्सच्या छावणीत मारली गेली, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

मात्रेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला तो १९३० साली, जेव्हा न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे स्टॅफर्ड वॉरन यांनी जिवंत स्त्रियांच्या स्तनांची क्ष-किरण-चित्रे घेऊन शस्त्रक्रियेपूर्वीच निदान करण्याचा उपक्रम प्रसिद्ध केला. हेच वॉरन पुढे अणुबाँबच्या निर्मितीयोजनेत वैद्यकीय विभागाचे प्रमुख झाले, आणि माणसाच्या देहाने किरणोत्सर्ग किती सोसावा याचा हिशेब ठेवणे, नंतर हिरोशिमा-नागासाकीच्या भग्नावशेषांतून त्याची मोजदाद करीत फिरणे, हे काम त्यांच्याच वाट्याला आले.

स्तनाचे चित्र हाडाच्या चित्राइतके सुलभ नाही. हाड किरणांना अडवते, भोवतालचे मांस त्यांना वाट देते, आणि या ठळक भेदातून चित्र आपोआप उमटते. स्तनात मात्र ग्रंथी आणि गाठ ही दोन्ही किरणांच्या दृष्टीने इतकी सजातीय, आणि चरबीही त्यांच्यापासून इतकी थोडी निराळी, की त्यांतील भेद दाखवावयाचा तर मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरणच योजावे लागतात. आणि नेमके हेच किरण आरपार जाण्याऐवजी देहात अधिक मुरतात. कठोर किरण सुखाने पलीकडे जातात खरे, परंतु मागे ठेवतात ते फिके, एकरंगी चित्र. या पेचाचा इतिहास पाहिल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, मात्रा कमी करा असे निव्वळ फर्मान काढल्याने ती कधीच नीट कमी झाली नाही. ती कमी झाली ती, चित्र अधिक चांगले उमटविण्याची युक्ती कोणास तरी सापडली तेव्हा.

उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथील राऊल लेबोर्न यांचेच उदाहरण घ्यावे. १९५० च्या आगेमागे त्यांनी चित्र घेताना स्तन दाबून धरण्याचा शिरस्ता पाडला आणि मिठाच्या कणांसारखे दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण हे कर्करोगाचे लक्षण असू शकते, हे ठासून सांगितले. आजही मॅमोग्राफीच्या खोलीतून बाहेर येणारी स्त्री तक्रार करते ती त्या दाबणाऱ्या पट्टीचीच, आणि ती तक्रार खोटी नव्हे. परंतु दाबल्याने थर पातळ होतो, विखुरलेले किरण घटतात, हालचाल थांबते, एकमेकांवर पडलेल्या छाया मोकळ्या होतात आणि किरणही थोडके पुरतात. एकाच कृतीने चित्र सुधारावे आणि मात्राही उतरावी असे योग फार थोडे!

ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी १९६० साली हजार तपासण्यांचा जो अहवाल दिला, त्यात मात्र दुसरी बाजू जड झाली. कारखान्यांत धातूचे दोष शोधण्याकरिता निघालेली अतिसूक्ष्म कणांची फिल्म त्यांनी वापरली. चित्र अपूर्व स्पष्ट आले आणि इतर रुग्णालयांतील डॉक्टरांनाही ती पद्धत शिकता आली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद. पण त्या मंद फिल्मवर छाया उमटावी म्हणून किरणांचा खर्च सढळ हाताने करावा लागे. त्यानंतर स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून १९६५ च्या सुमारास केवळ स्तनासाठीच घडविलेले फ्रेंच यंत्र अवतरले. त्याच्या नळीत टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम होते, आणि त्या धातूचे स्वभावसिद्ध किरण या कामाला हव्या त्याच ऊर्जेचे निघत.

न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून सुमारे ६२,००० स्त्रियांवर चाललेल्या प्रयोगात, तपासणीसाठी बोलाविलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटलेले आढळले, आणि त्या बळावर १९७३ मध्ये अमेरिकेत सुमारे २,८०,००० स्त्रियांची मोठी योजना सुरू झाली. परंतु ज्या क्षयरोगी स्त्रियांची छाती उपचारकाळात क्ष-किरणांखाली वारंवार पाहिली गेली होती, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढल्याचे नोव्हा स्कॉशियातून १९६५ मध्येच कळविण्यात आले होते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या स्त्रियांविषयी तसाच निष्कर्ष १९६८ मध्ये निघाला. या साऱ्याचा आधार घेऊन जॉन बेलर यांनी १९७६ मध्ये रोखठोक लिहिले की, पन्नाशीच्या आतील निरोगी स्त्रियांना या तपासणीपासून लाभाइतकीच हानी पोहोचण्याचा संभव आहे. ते स्वतः राष्ट्रीय कर्करोग संस्थेतच अधिकारपदावर होते, आणि आपल्याच संस्थेच्या पुरस्कृत योजनेविरुद्ध अशी जाहीर हरकत घेण्यास जे धैर्य लागते, त्याला मी या इतिहासात फार वरचे स्थान देतो. त्या वादानंतर पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या सरसकट तपासणीवर मर्यादा आली.

सुदैवाने उपाय दारात येऊन ठेपला होता. ड्यूपाँ कंपनीने १९७२ मध्ये, किरण पडताच उजळणारा एकच पडदा आणि एकाच बाजूस लेप असलेली फिल्म निर्वात पिशवीत घट्ट बसवून बाजारात आणली, आणि मात्रा अनेक पटींनी उतरली. निळ्या भुकटीने कागदावर चित्र उमटविणारी झेरॉक्सची पद्धत, तिच्या रेखीव कडांबद्दल कितीही लोभ असला तरी, पुढील दशकात याच कारणाने मागे पडली.

तथापि किरण कमी झाले म्हणजे काम चांगले झाले असे कोणी म्हणावे, तर त्याला काही माप हवे. ते माप म्हणजे दाबलेल्या स्तनाच्या जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा एक ठोकळा. त्याच्या पोटातील मेणात सहा धागे, कणांचे पाच पुंजके आणि पाच गाठी उतरत्या आकाराने रोवलेल्या असत. तंत्रज्ञाने त्याचे चित्र घ्यावे, दिव्याच्या पेटीवर फिल्म धरून भिंगातून मोजावे, आणि किमान चार धागे, तीन पुंजके व तीन गाठी दिसल्या तरच यंत्र पसंत करावे. त्याच वेळी ग्रंथींना मिळणारी सरासरी मात्रा एका चित्रामागे ३ मिलिग्रेपेक्षा अधिक नसावी. अमेरिकेच्या १९९२ च्या मॅमोग्राफीच्या दर्जाविषयीच्या कायद्याच्या अंमलबजावणीत या दोन्ही अटी एकत्र बांधल्या गेल्या, आणि त्या एकत्र बांधण्यातच खरे शहाणपण होते. कारण ज्या चित्रात गाठ दिसत नाही, त्यासाठी दिलेला अल्पसा किरणही वायाच गेलेला असतो. ब्रिटनमध्ये तर १९९० च्या दशकात, अधिक गडद फिल्मवर लहान कर्करोग अधिक सापडतात असे आढळल्यावर फिल्मचा गडदपणा जाणूनबुजून वाढविण्यात आला, अर्थात मात्राही थोडी वाढवून.

२००० साली अमेरिकेत मंजूर झालेल्या अंकीय यंत्राने एक जुना पहारेकरी मात्र हिरावून नेला. किरण जास्त पडले की फिल्म काळवंडे आणि चूक तत्काळ उघड होई. अंकीय पडद्यावर जादा किरणांनी चित्र उलट अधिक नितळ दिसते, म्हणून मात्रेची नोंद स्वतंत्रपणे तपासत राहणे भाग पडले. २०११ मध्ये थराथराने पाहणारी टोमोसिंथेसिसची पद्धत आली, ती आरंभी नेहमीच्या चित्राच्या जोडीने वापरली जाऊन एकूण मात्रा जवळजवळ दुप्पट होऊ लागली. तेव्हा २०१३ मध्ये त्या थरांतूनच सपाट चित्र गणिताने रचण्याची सोय मंजूर झाली आणि दुसऱ्यांदा किरण देण्याची गरज टळू लागली. अशा रचलेल्या चित्रात कॅल्शियमचे ते बारीक कण मूळच्याइतकेच विश्वासार्ह दिसतात काय, यावर क्ष-किरणतज्ज्ञांचा खल त्यानंतरही चालूच राहिला.